यादीत नाव नाही : निकालानंतरचे नव्वद दिवस, क्रमाने

एमपीएससी-यूपीएससीच्या निकालाची पीडीएफ बहुधा संध्याकाळी येते. अभ्यासिकेत एकाच्या फोनवर लिंक पडते आणि दोन मिनिटांत सगळ्या खुर्च्या सरकतात. बैठक क्रमांक शोधायच्या चौकटीत टाकला जातो, काहीच सापडत नाही, पुन्हा टाकला जातो, मग एकेक आकडा बघत टाकला जातो. त्यानंतरच्या तासाभरात जे निर्णय होतात, त्यांची किंमत पुढे दोन-दोन वर्षं मोजावी लागते. कुणी त्याच रात्री नव्या बॅचची फी भरून टाकतं, तर कुणी पुस्तकं रद्दीत घालून गावची गाडी पकडतं.

एमपीएससी-यूपीएससीच्या अपयशातून सावरताना बहुतेकांची चूक होते ती क्रमात. आधी निर्णय घेतला जातो, मग घरच्यांना सांगितलं जातं, पैशाचा हिशेब त्याहून उशिरा होतो आणि गुणांची तपासणी होतच नाही. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी शरीर, मग पैसा, मग घर, मग गुण आणि सगळ्यात शेवटी निर्णय. उभारी धरणं म्हणजे रडू न येणं असं पुष्कळांना वाटतं. इथे त्या शब्दाचा अर्थ साधा ठेवला आहे: पडल्यानंतर किती दिवसांत तुमचा दिवस पुन्हा दिवसासारखा जायला लागतो आणि त्या पडण्यातून तुमच्या हाती कोणती माहिती लागते.

## टप्पा ० : निकालाच्या आधीची तयारी

निकाल येत्या आठवड्यात लागेल असं दिसू लागलं की चार कामं उरकून ठेवा.

१. निकाल कुणासोबत बघायचा ते ठरवा. कॉट बेसिसच्या (एका खाटेपुरतं भाडं भरून घेतलेल्या) खोलीत एकटं बसून बघू नका. सोबतचा माणूस तीच परीक्षा दिलेला नसेल तर उत्तम. दोघांपैकी एकाचंच नाव आलं तर ती रात्र दोघांनाही जड जाते.

२. घरी आधीच सांगून ठेवा: "निकाल लागला की मी स्वतः फोन करेन, तोपर्यंत तुम्ही करू नका."

३. दोन महिन्यांचं भाडं आणि खाणावळीचे पैसे वेगळे काढून ठेवा. घाईतले बरेच निर्णय "पुढच्या महिन्याचं काय?" या एकाच भीतीने होतात.

४. एका कागदावर लिहा: "नाव नसेल तर ३० दिवस मी पुढचा अर्ज, क्लास, खोली आणि लग्न यांबद्दल कोणताही शब्द देणार नाही." तारीख घाला, सही करा. वाचायला बालिश वाटतं, पण रात्री दोन वाजता मन जे सांगत असतं त्यापेक्षा शांतपणे लिहिलेला कागद जास्त भरवशाचा असतो.

## टप्पा १ : पहिले ७२ तास

बैठक क्रमांक प्रवेशपत्रावरून पाहून दोनदा तपासा. मग थांबा. कटऑफ किती लागला, कुणाचं नाव आलं, कोणत्या प्रवर्गाला किती जागा होत्या हे सगळं १५ दिवसांनीही तितकंच खरं असणार आहे. टेलिग्रामचे गट सोडू नका, फक्त म्यूट करा. पुढे उत्तरतालिकेसाठी ते लागतील.

घरी फोन करा, दोन मिनिटांचा. "आई, यावेळी नाही झालं. मी जेवलेय, सोबत मैत्रीण आहे. परवा सकाळी सविस्तर बोलते." एवढं पुरे. कारणं देऊ नका, "पुढच्या वेळी नक्की" असंही म्हणू नका. ते वाक्य दिलासा म्हणून तोंडून जातं, पण घरात त्याचं वचन होतं आणि ३० दिवसांनी खरा निर्णय घेताना तेच आडवं येतं.

झोपेच्या बाबतीत एकच गोष्ट पाळा: झोप कधीही लागो, उठण्याची वेळ ठरलेली. साडेसहा तर साडेसहा. दुपारी फार तर अर्धा तास पडा. चहा-कॉफी दुपारी तीनपर्यंत. कॅफिनचा अर्धा अंश साधारण पाच तासांनीही शरीरात असतो आणि आधीच उडालेली झोप सातच्या कटिंगने आणखी उडते. डबा आला की उघडा. दोन पोळ्या नाही गेल्या तर वरण-भात खा, पण डबा तसाच परत पाठवू नका. दोन वेळा उपाशी राहिलेल्या माणसाला आपलं आयुष्य आहे त्यापेक्षा जास्त काळं दिसतं.

करू नका : व्हॉट्सॲप स्टेटसवर जाहीर घोषणा, क्लासची फी, खोली सोडल्याची सूचना, ठरलेलं लग्न मोडणं, पुस्तकं विकणं, दारू.

इशारा : जगून काय उपयोग असा विचार येत असेल, मरणाच्या मार्गांचा विचार मनात घोळत असेल, तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. धोका लगेचचा असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक. खोलीतल्या मित्रांसाठी: शंका आली तर आडून विचारू नका. "जीव द्यावा असं वाटतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि घरच्यांना कळवा. "कुणाला सांगू नकोस" ही शपथ अशा वेळी पाळायची नसते.

## टप्पा २ : चौथा ते चौदावा दिवस, दिवस रुळावर आणणं

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे "मन लागलं की सुरू करतो" म्हणून थांबणं. खचलेल्या मनाची इच्छा कामाच्या आधी येत नाही, काम सुरू झाल्यावर मागाहून येते. त्यामुळे वेळापत्रक इच्छेवर सोडू नका.

रोज तीन गोष्टी, आदल्या रात्री वेळेसकट लिहून:

- एक शरीराची. ३० मिनिटं चालणं, शक्यतो सकाळच्या उजेडात.
- एक गरजेची. कपडे धुणं, बँकेतलं काम, रखडलेला दाखला, दातांचा डॉक्टर.
- एक पूर्वी आवडत असलेली. क्रिकेट, तबला, स्वयंपाक, जुन्या मित्राकडे एक चक्कर.

"अभ्यास" या यादीत १४ दिवस नाही. रात्री प्रत्येक गोष्टीपुढे झाली किंवा नाही एवढंच लिहा. तीनपैकी दोन झाल्या तर दिवस बरा गेला.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर लेखनाचा एक उपाय करून बघा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात त्याचे प्रयोग सुरू केले. ओळीने चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, या निकालाबद्दल मनात जे आहे ते न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, फाडून टाकलं तरी चालेल. लिहिल्यावर थोडा वेळ उदास वाटणं अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवशीही लिहिल्यानंतर तासन्‌तास कोसळल्यासारखं होत असेल तर थांबा. प्रत्येक उपाय प्रत्येकाला मानवत नाही.

या लिखाणात एक गोष्ट शोधा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी अपयशाचं कारण सांगण्याच्या तीन घातक तऱ्हा दाखवल्या आहेत: "हे कायमचं आहे", "सगळ्यातच असं होतं", "दोष फक्त माझाच". तुमच्या वहीतल्या अशा वाक्यांखाली रेघ मारा आणि शेजारी फक्त घटना लिहा. "मला काहीच जमत नाही" याच्या शेजारी "पूर्वपरीक्षेच्या पेपर एकमध्ये मी कटऑफच्या खाली राहिलो." त्याशेजारी "सगळं छान होईल" असं लिहायचं नाही. हवी आहे फक्त घटनेची खरी लांबी-रुंदी.

तपासा (१४वा दिवस) : जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस उरलेला नाही, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली आहे आणि हे दोन आठवडे चाललं आहे, तर हा इच्छाशक्तीचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. उपचार चालू असतानाही पुढचे टप्पे करता येतात, फक्त सावकाश.

## टप्पा ३ : पैशाचा हिशेब (तिसरा आठवडा)

घरच्यांशी बोलण्याआधी हा कागद तयार हवा. सहसा उलटं होतं. बोलणं आधी होतं, आकडे नसतात, मग रडारड आणि शेवटी "बघू या".

समजा कॉटचे ३,५००, खाणावळ ३,२००, अभ्यासिका १,२०० आणि प्रवास, झेरॉक्स, फोन, औषधं मिळून १,६००. महिन्याचे ९,५००, वर्षाचे १,१४,०००. ही झाली खिशातून जाणारी रक्कम. आता या वर्षात न कमावलेले पैसे मांडा: महिना १५,००० ची साधी नोकरी धरली तरी १,८०,०००. म्हणजे पूर्णवेळ तयारीच्या आणखी एका वर्षाची खरी किंमत २,९४,०००. क्लासची फी अजून यात नाही. तुमचे आकडे वेगळे असतील. कागदावर मात्र दोन्ही रकान्यांत लिहा.

खाली आणखी तीन ओळी: हे पैसे नेमकं कोण देतं (वडील, भाऊ, शिक्षणकर्ज, मामाकडून उसने), त्यासाठी घरात काय थांबलं आहे (बहिणीचं शिक्षण, विहिरीचं काम, आईचं ऑपरेशन) आणि तुमच्या नावावर आज एकूण किती देणं आहे. दुसरी ओळ लिहायला सगळ्यात अवघड जाते. ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : घरच्यांशी बोलणं

समोरासमोर, घरी जाऊन. सणाच्या किंवा लग्नकार्याच्या दिवशी नाही. आई-वडील आणि पैसे देणारा जो कोणी असेल तो, एवढेच. शेजारच्या काकांनी "त्यांच्या पोरानं पहिल्याच फटक्यात काढली" ही गोष्ट नेमकी अशाच वेळी सांगायची असते, म्हणून ते नकोत.

बोलण्याचा क्रम असा: निकाल काय लागला, हिशेबाचा कागद, मग त्यांचं ऐकणं. निर्णय सांगायचा नाही, कारण तो अजून झालेला नाही. सांगायची ती तारीख: "अमुक तारखेपर्यंत मी गुण तपासून लेखी सांगतो." वडील बहुधा एकच प्रश्न विचारतात, "अजून किती वर्षं?" त्याला "एक शेवटचा प्रयत्न" हे उत्तर चालत नाही, मागच्या वर्षीही तेच दिलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत हे बोलणं जास्त काळजीने करावं लागतं. निकालाचं निमित्त होऊन स्थळांची यादी बाहेर येते आणि "तयारी लग्नानंतरही करता येईल" असं तोंडी आश्वासन मिळतं. घरी एकच मागणी ठेवा: परीक्षेचा निर्णय आणि लग्नाचा निर्णय एकाच बैठकीत नको. बाजूने बोलेल अशी मावशी, आत्या किंवा वहिनी असेल तर तिला आधी फोन करा.

## टप्पा ५ : गुणांची तपासणी (चौथा आठवडा)

सबंध नव्वद दिवसांतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे आणि नेमकं हेच गाळलं जातं. तीन दिवस द्या. हवं ते: प्रश्नपत्रिका, तुमच्या उत्तरांची नोंद, अंतिम उत्तरतालिका, एक रिकामी वही. पहिल्या तालिकेवर तपासणी करू नका. हरकतींनंतर उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात.

पूर्वपरीक्षा. प्रत्येक प्रश्नापुढे, उत्तर बरोबर आलं असलं तरी, एक अक्षर लिहा:

क – नक्की येत होतं
ख – वाचलं होतं, आठवलं नाही
ग – दोन पर्यायांत अडकलो
घ – विषय वाचलाच नव्हता
च – घाई झाली, "अयोग्य" ऐवजी "योग्य" वाचलं, गोल चुकला

आता प्रत्येक गटात किती बरोबर, किती चूक ते मोजा. राज्यसेवेच्या (एमपीएससीच्या) पूर्वपरीक्षेत पेपर एकला प्रश्नाला २ गुण, चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश म्हणजे अर्धा गुण वजा. यूपीएससीत २ गुणांना एक तृतीयांश वजा.

सगळ्यात बोलका गट "ग". समजा तिथे २० प्रश्न आहेत. नुसतं नाणं उडवलं असतं तरी १० बरोबर यायला हवेत: राज्यसेवेत २० वजा ५, म्हणजे १५ गुण. तुमचे ६ बरोबर, १४ चूक असतील तर १२ वजा ७, फक्त ५ गुण. नाण्यापेक्षा दहा गुण कमी. याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. अर्धवट आठवणारी माहिती तुम्हाला हमखास चुकीच्या पर्यायाकडे ओढत असण्याची शक्यता मोठी आहे आणि तिच्यावर नवीन पुस्तक आणून इलाज होत नाही. तेच पुस्तक पुन्हा वाचावं लागतं आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे कलमं, समित्या, नद्या, कायद्यांची सालं, शेजारी-शेजारी मांडून पाठ कराव्या लागतात. "घ" मोठा असेल तर मात्र अभ्यासक्रमच पूर्ण झालेला नव्हता. "च" पाचाच्या वर गेला तर वेळ लावून सोडवलेले सराव पेपर कमी पडले.

पेपर दोन पात्रतेपुरता आहे: ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. पेपर एकमध्ये भरपूर गुण असूनही इथे अडकलेले उमेदवार दरवर्षी दिसतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर तुमचं काम गणित आणि उताऱ्यांचं आहे, इतिहासाच्या आणखी एका पुस्तकाचं अजिबात नाही.

मुख्य परीक्षा. राज्यसेवेची मुख्यही आता वर्णनात्मक आहे: १७५० गुणांची लेखी, वर २७५ गुणांची मुलाखत. इथे आधी बघा किती उत्तरं सुटली किंवा अर्धी राहिली. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत २० उत्तरं असतात, दहा गुणांची दहा आणि पंधरा गुणांची दहा. म्हणजे अंदाजे ७ आणि ११ मिनिटं. तुमच्या हाताला तेवढ्या वेळात १५० आणि २५० शब्द लिहिता येतात का, हे घड्याळ लावून आजच बघा. ज्ञान आहे पण हात चालत नाही, हा सहज ओळखू न येणारा आजार आहे.

इशारा : तपासणीत "नशीब" हा रकाना ठेवा, पण त्यात पाचाहून जास्त नोंदी करू नका. आणि "मी" हा रकाना ठेवूच नका. प्रश्न, विषय, वेळ, सवय एवढ्यांचाच हिशेब.

## टप्पा ६ : निर्णय (३० ते ४० दिवसांत)

आधी नियम बघा. यूपीएससीत खुल्या गटाला आणि आर्थिक दुर्बल घटकाला वयाच्या ३२ पर्यंत ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत ९, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसलं तरी प्रयत्न धरला जातो. नुसता अर्ज भरून गैरहजर राहिलं तर धरला जात नाही. राज्यसेवेला साधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. ही मर्यादा लांब असल्यामुळेच निर्णय लांबतो. आयोग तुम्हाला थांबवणार नाही, थांबायची तारीख तुम्हालाच ठरवावी लागते.

मग तीन प्रश्नांची लेखी उत्तरं:

१. मागच्या दोन प्रयत्नांत गुण वाढले का, किती? (पहिलाच प्रयत्न असेल तर सराव पेपरांचे गुण घ्या.)
२. टप्पा ५ मध्ये सापडलेली चूक सहा महिन्यांत दुरुस्त होणारी आहे का? कशाने?
३. टप्पा ३ मधली रक्कम कुठून येणार?

तिन्ही उत्तरं ठोस असतील तर पूर्णवेळ प्रयत्न. पहिली दोन ठोस, तिसरं नाही, तर नोकरी करत तयारी. पहिली दोन लिहिताना पेन अडखळत असेल तर थांबणं हा विचार गंभीरपणे करा. मागे गेलेली वर्षं या कागदावर कुठेही धरू नका. "चार वर्षं घातली, आता कसं सोडू" हे वाक्य पाचव्या वर्षालाही तसंच लागू पडतं.

निर्णय लिहा, त्यात थांबण्याची अट घाला: "अमुक परीक्षेची पूर्व निघाली नाही तर अमुक तारखेपासून मी नोकरी शोधेन." एक प्रत घरी, एक अशा मित्राकडे जो आठवण करून द्यायला लाजणार नाही.

## टप्पा ७ : पुन्हा उभं राहणं (४० ते ९० दिवस)

पुन्हा परीक्षा देणार असाल तर पहिले दोन आठवडे फक्त "ख" आणि "ग" गटातल्या प्रश्नांचे विषय. रोज सहा तासांवरून सुरुवात करा, पहिल्याच दिवशी बारा तास बसू नका. जोशाचा तो आठवडा संपला की पुढचे दोन हमखास वाया जातात. सोबत गट ब, गट क, बँक किंवा तलाठी यांपैकी अभ्यासक्रम जुळणारी एक परीक्षा ठेवा. एकच. चार अर्ज भरले की चारही अर्धे राहतात.

थांबणार असाल तर नोकरीच्या आधी एक वेगळं ओझं उतरवावं लागतं. गावात पहिली पूर्व निघाल्यापासून लोक "साहेब" म्हणत असतात. ती हाक बंद होणार, हे दुःख खरं आहे आणि त्याला आठवडे लागतात. पुस्तकं खालच्या बॅचच्या कुणाला हाताने द्या. नोट्सची एक वही ठेवा.

मग आठवड्याला पाच अर्ज, ओळखीच्या दोन माणसांना फोन. बायोडेटात मधली वर्षं लपवू नका, एका ओळीत लिहा: "२०२१ ते २०२५ : राज्यसेवा व केंद्रीय लोकसेवा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत." मुलाखतीत विचारलं तर तीन वाक्यं: काय करत होतो, कुठपर्यंत पोचलो, त्यातलं या कामाला काय उपयोगी आहे. चौथं वाक्य सहसा रडकथा होते. यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत जाऊन यादी हुकली असेल तर आयोगाचं प्रतिभा सेतू पोर्टल आहे; संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती तिथून नोकरी देणाऱ्या संस्थांना मिळते. अर्जात संमती दिली होती का ते तपासा.

दोन्ही वाटांना लागणारी एक छोटी तयारी: नेमक्या प्रसंगाचं उत्तर आधीच लिहून पाठ करणं. "लग्नात मामा विचारतील, 'काय झालं रे निकालाचं?' तर मी म्हणेन, 'नाही झालं मामा, आता अमुक करतोय,' आणि ताट घेऊन पुढे जाईन." उत्तर तयार असलं की निम्मी धास्ती जाते, आणि कार्याला न जाण्याची कारणं शोधावी लागत नाहीत.

तपासा (नव्वदावा दिवस) : ठरलेल्या वेळेला उठणं आठवड्यात किमान पाच दिवस होतंय का? निकालाबद्दल आवाज न चढवता, डोळे न चुकवता दोन वाक्यं बोलता येतात का? टप्पा ६ च्या कागदावरची पुढची तारीख न बघता आठवते का? एखाद्याचं उत्तर नाही असेल तर त्याच टप्प्यावर परत जा, उठण्याच्या वेळेसाठी टप्पा १, बोलण्यासाठी ४, तारखेसाठी ६. बाकीचे टप्पे पुन्हा करायची गरज नाही.